द अर्धा, ध पूर्ण

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

या हातांनी केलेल्या वस्तू अशा. भांड्यांवर नाव घालायचं मशीन. दारावरच्या जुन्या घंटीची कॉइल आणि शिवणयंत्राची सुई, बाकी सगळं माझं डोकं. बाजारातली तयार मशिनं येऊन जळून गेली, हे चालू आहे. ते ठेवायची सागवानी पेटी. घराचं सगळं वायरिंग. अंगणाचं लोखंडी फाटक. बायकोसाठी, रत्नासाठी, मिसळणाचा डबा, ज्याचं झाकण सरकतं, उचलावं लागत नाही. शिसवी पाळणा, त्यात एकही खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. आणि माझं अक्षर. शाळा नववीत सुटली, त्यामुळे अक्षर कुणी शिकवलं असं म्हणता येणार नाही. जुन्या बाजारातून शब्दकोश आणला आणि एकेक जोडाक्षर पाटीवर गिरवून घडवलं. नारायणगावात गोरखशेठच्या भांड्याच्या दुकानाबाहेर माझी बैठक आहे. जुन्नर तालुक्यातल्या निम्म्या घरांत ताटवाट्यांवर माझं अक्षर असेल. मोठेपणा म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितो.

ही डायरी गोरखशेठने दिली. गेल्या दिवाळीला वाटायला छापलेल्यातली उरलेली, वर्ष संपत आलं तरी कोरी. आजपासून लिहितो, कारण एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे आणि तो कागदावर पाहिजे.

मुलाचा, मोहितचा, फोन आला होता. तो चाकणला कंपनीत आहे. सूनबाई, आरती, बाळंतपणासाठी माहेरी, महाळुंगे पडवळला गेली आहे. मोहित म्हणाला, मुलगी झाली तर समृद्धी नाव ठेवायचं आरतीच्या मनात आहे.

मी म्हणालो, ते नाव आता फार झालं. टेम्पोवर आहे, नर्सरीवर आहे, महामार्गाला आहे. घरटी एक समृद्धी. नातीला वापरून झिजलेलं नाव कशाला?

तो म्हणाला, "दादा, मी मोबाइलवर बघितलंय. मुलींच्या नावांची यादी आहे, पहिल्या शंभरात हे नावच नाही. उलट दुर्मिळ आहे."

यादी करणाऱ्याला अक्कल नाही हे मी त्याला समजावलं. लोक एकच नाव सात तऱ्हेने लिहितात आणि यादीवाला त्यांना सात नावं धरतो. एका वावराचा टोमॅटो सात गाड्यांत भरला तर प्रत्येक गाडी रिकामी रिकामी दिसेल, म्हणून टोमॅटो कमी पिकला का? मोहित म्हणाला, मग मोजून दाखवा.

दाखवतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

गणतीचे नियम ठरवले. कानाला 'समृद्धी' ऐकू आलं की ते एक नाव, लिखाण काहीही असो. दुकानं, गाड्या, हॉटेलं धरायची नाहीत. फक्त मुली. वय आणि बांधा टिपायचा, म्हणजे एकच मुलगी दोनदा मोजली जाणार नाही. कुठे कुठे बघायचं तेही ठरवलं: वाढदिवसाचे फ्लेक्स, दहावी-बारावीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स, शाळेच्या स्पर्धांचे निकाल, आणि माझ्याकडे येणारी भांडी.

चार दिवसांत जे दिसलं त्याने डोकं फिरलं. समृध्दी. सम्रुद्धी. सम्रुध्दी. समृद्दी. समृद्धि. एका फ्लेक्सवर समरुद्धी, खाली तिच्या काकांचे हात जोडलेले. अहो, म ला ऋकार आहे. मग अर्धा द आणि त्याला पूर्ण ध. द अर्धा, ध पूर्ण. ध अर्धा घेऊन पुढे द लावायचा असेल तर मोठ्याने उच्चार करून दाखवा म्हणावं, जीभ अडकेल. पण विचार कोण करतो?

एक नवल आहे. काल भांड्यांचा माल आणायला मंचरला गेलो होतो, तिथे जाता जाता पाहिलं. तिकडे हे नाव बहुतेक ठिकाणी शुद्ध लिहिलेलं. आंबेगाव तालुक्यात शुद्ध आणि आमच्या जुन्नरात, त्यातही नारायणगावच्या आसपास, ही दुर्दशा. आमच्याच भागाला काय झालंय कळत नाही. शिक्षक बरे मिळाले नसावेत.

२००३ साली मी हे नाव शब्दकोशातून काढलं तेव्हा गावात या नावाची दुसरी मुलगी नव्हती. लोक विचारायचे, हे काय नाव? मी अर्थ सांगायचो. मशीनवर पहिलं बारशाचं भांडं कोरलं ते तिचंच, चांदीची वाटी. माझी समृद्धी अकरा वर्षांची होऊन गेली. २०१४, श्रावण. ताप डोक्यात गेला.

गणतीत तिला धरायचं की नाही, हे ठरलेलं नाही. हयात असलेल्याच धरायच्या, असा नियम जास्त बरोबर.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

गोरखशेठकडे मोठं काम आलं आहे. इथल्याच एका पतसंस्थेला जानेवारीत पंचवीस वर्षं होतात. प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा देणार, झाकणावर संस्थेचं नाव. नावात 'समृद्धी' आहे. शेठ म्हणाला, छापील पट्टी चिकटवली की वर्षात निघते, संस्थेला हाताचंच कोरीव पाहिजे, "आणि हातात तुमच्यासारखा हात पंचक्रोशीत न्हाई, रामदासभाऊ." हे खरं आहे. हो म्हणालो. दिवाळीनंतर नमुन्याचा डबा द्यायचा.

रत्नाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. ठरवून नाही, आपोआप तसं झालं. रत्ना 'आपली ती' म्हणते. मी कोरताना घेतो तेवढंच, आणि तेही लोकांच्या मुलींचं.

मोहितच्या नावाच्या बेताबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, नको. "एका नावानं हाक मारली की दोघी वळत्यात. आली तर काय सांगायचं तिला?" मी म्हणालो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, माझा आक्षेप वेगळा आहे, नाव फार झालं आहे एवढाच. ती म्हणाली, "बरं, तुमचं तसं."

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज.

मोहित आला होता. रुपालीने त्याला ओवाळलं. रुपाली माझ्या थोरल्या भावाची मुलगी, मंचरला दिली आहे. २०१४ पासून तीच येते.

तिने मनातलं बोलून दाखवलं. बारशाला पाळण्यापाशी आत्या लागते. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं, बाकीच्यांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे, मग नाव मोठ्याने जाहीर. मोहितला सख्खी बहीण एकच होती. रुपाली म्हणाली, "काका, मुलगी झाली तर मलाच बसावं लागंल. पर आत्याचंच नाव आत्यानं सांगायचं, आणि आत्या मी उसनी. कसं व्हायचं?"

 मी सांगितलं की नाव अजून ठरलेलं नाही, माझी गणती चालू आहे, ती पूर्ण झाली की मोहितचा हट्ट गळून पडेल.  मोहितने विचारलं, किती झाल्या? मी आकडा सांगितला. त्याने विचारलं, वयं का लिहिता? मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आपल्या आईसारखाच म्हणाला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आळे गावाच्या बाजूला एका वस्तीवर ताट-तांब्याचा संच नेऊन दिला. एरवी गिऱ्हाईक दुकानातून नेतं. पण या घरची समृद्धी अकरा वर्षांची आहे असं कळलं होतं आणि फ्लेक्सवर तिचं नाव 'सम्रुद्धी' पाहिलं होतं. खुद्द मुलगी कसं लिहिते ते तपासणं गणतीसाठी आवश्यक होतं.

मुलगी ओट्यावर अभ्यास करत होती. दोन वेण्या, डावखुरी. मी म्हणालो, बाळ, तुझं नाव लिहून दाखव. तिने लिहिलं, सम्रुद्धी. मी म्हणालो, चूक. तिचा हात धरून म च्या पायाशी ऋकार काढून दाखवला. तिचा हात गरम होता, नुकती खेळून आली असावी. एकदा काढला, मग पुन्हा काढला. मी म्हणालो, आता तू काढ, हळू, घाई नाही.

आतून आई आली. म्हणाली, "पावणं, भांडी मिळाली. आता काय पायजे?" मी सांगितलं, शुद्धलेखन. ती म्हणाली, "तिच्या वाटीवर हाय तसंच लिवती ती. तुमीच घातलंय नाव. पोरी, आत ये." मुलीला आत घेऊन दार लोटलं. पाणी विचारायचीही रीत असते.

परत येताना मोटारसायकल दोनदा बंद पडली. मीच कार्बोरेटर साफ केलेला, पडायला नको होती.

कुणी 'समूऽऽ' अशी हाक मारतंय असं हायवेवर मागून वाटलं. या नावाची लहान हाक सगळीकडे तीच असते, समू. लिखाण सात तऱ्हेचं आणि हाक एक. हा मुद्दा मोहितला सांगितला पाहिजे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मुलगी झाली. मंचरला दवाखान्यात, दोघी सुखरूप. रत्ना बघून आली. म्हणाली, कपाळ आपल्या घरचं आहे. कुणासारखं ते बोलली नाही.

मी उद्या जाईन.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गेलो नाही, दुकानात गर्दी होती. आज गर्दी नव्हती, पण साळुबाई आली.

ही जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातली म्हातारी. भात विकायला मुलाबरोबर खाली येते तेव्हा नातीची भांडी घेऊन जाते. नात आता शाळेत आहे. नावाचा घोळ झालाय म्हणून आली होती. जन्मदाखल्यावर समृद्धी, आधारवर समृध्दी. कुठलीशी शिष्यवृत्ती त्यामुळे अडली आहे. मी म्हणालो, हे सरकारी ऑफिसचं काम, माझ्याकडे कशाला?

तिने पिशवीतून वाटी काढली. म्हणाली, "आधार काढाया गेलो तवा दाखला घरी ऱ्हायला व्हता. पोराच्या ध्यानात न्हाई कसं लिवायचं. मी म्हनलं, वाटी हाय की. नारायणगावच्या भाऊंनी घातलंय, ते चुकायचं न्हाईत."

वाटीवर समृध्दी होतं. वळण माझं. शेवटच्या वेलांटीला मी जो बारीक झोका देतो तो इथे दुसरा कुणी देत नाही.

मी म्हणालो, चिठ्ठीत तसं लिहून आणलं असणार. गिऱ्हाईक लिहून देईल ते मी कोरतो. ती म्हणाली, चिठ्ठी अंगणवाडीच्या बाईंनी दिली होती, दाखला बघून. बाईंचं अक्षर चांगलं असतं.

बाईंनी चुकवलं असेल. माणसं चुकतात. नवीन वाटी देऊ केली, बरोबर नावाची, फुकट. तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. पोरगी आता असंच लिवती. तिला तिचंच बरं वाटतंय." आधार दुरुस्तीचा अर्ज मी लिहून दिला. अर्जात ते नाव एकदा येतं, तेवढी जागा तिच्या मुलाकडून दाखला बघून भरून घेतली. चष्मा घरी राहिला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नमुन्याचा डबा गोरखशेठने संस्थेकडे पाठवला होता, तो परत आला. शेठने सगळ्यांसमोर विषय काढला नाही, आत बोलावलं, दार लावलं. म्हणाला, "रामदासभाऊ, जरा बघा बरं." मी बघितलं. कोरीव सुरेख. ठिपका ठिपका सारखा. समृध्दी.

मी म्हणालो, हा माझा डबा नाही.  शेठ भला माणूस आहे, हसला नाही.

दुसरा डबा घेतला. त्याच्यासमोर, भर दुपारी, लखलखीत उजेडात बसलो. संस्थेच्या नावाची चिठ्ठी समोर उभी लावली. मनात म्हणत गेलो, द अर्धा, ध पूर्ण. कोरून झाल्यावर फुंकर मारली. सम्रुद्धी. द-ध बरोबर आले आणि ऋकार गेला होता.

तिसऱ्यावर समृद्दी.

मग मी जुन्या पत्र्यावर इतर शब्द कोरून पाहिले. सिद्धी. बुद्धी. वृद्धी. प्रसिद्ध. मृगनक्षत्र. एकही चुकला नाही. पुन्हा त्या नावाकडे आलो. 'समृ' पर्यंत नीट गेलो आणि पुढे काय झालं मला सांगता येत नाही. हात थांबला नाही, थरथरला नाही, कुणी धरला नाही. मी बघत होतो, आणि बघता बघता चुकीचं झालं. बघताना ते मला बरोबर दिसत होतं.

शेठ म्हणाला, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी हो म्हणालो. नंबर मार्चमध्ये तपासलाय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बैठक बंद ठेवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, तिचे दिवस सोडले तर.

ज्या घरांना या नावाची भांडी दिल्याचं आठवतं त्यांतल्या ओळखीच्या चार घरी गेलो. पाणी मागितलं, वाटी-तांब्या हाताळला, नाव वाचलं, निघालो. चारही माझीच. चारही अशुद्ध. प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने. एका घरी दोन बहिणी, थोरली सिद्धी, धाकटी सम्रुध्दी. एकाच दिवशी, एकाच हाताने कोरलेल्या दोन वाट्या. सिद्धीचा द्ध अगदी दाखवण्यासारखा.

म्हणजे मंचरकडे शुद्ध आणि इकडे अशुद्ध, याचं कारण शिक्षक नाहीत. आईबापांनी वाटीवरून पाटीवर घेतलं, पाटीवरून शाळेत, शाळेतून फ्लेक्सवर.

घरी आलो. रत्ना अंगणात शेंगा फोडत होती. तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. तिने फोडलेली शेंग सुपात टाकली, दुसरी घेतली.

म्हणाली, "मला ठावं हाय."

कधीपासून, विचारलं.

"लई आधीपासनं. पयल्या साली वाटलं, दुःखात व्हतं असं. मग दरसाली बघितलं. लोकांच्या घरी हळदीकुंकवाला जायचे, वाटी हातात आली की वाचायचे." तिने टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमी तिचं नाव कुणालाच दिलं न्हाई. येईल त्याला थोडं मोडून दिलं. मला बरं वाटायचं. म्हणून गप ऱ्हायले."

मी म्हणालो, मी मुद्दाम केलेलं नाही.

"मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते की."

मग आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो. मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी चुकीचं काम लोकांच्या हातात देत होतो आणि माझ्याच घरातल्या माणसाला ते माहीत होतं. पण राग आला नाही. भीती वाटली. हाताने हे मला न विचारता केलं, तर तो आणखी काय काय करत असेल?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आरतीचा फोन. मोहितनं तिला सगळं सांगितलेलं दिसतं, रत्नानं मोहितला. घरात आता लपवाछपवी उरलेली नाही.

ती समृद्धीला कधी भेटली नाही. लग्न करून आली तेव्हा आमच्या घरात फक्त फोटो होता. तिने जे सांगितलं ते मी इथे नीट लिहून ठेवतो. म्हणाली की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं, या घरात कुणी काही बोलायला लागलं की एका ठिकाणी येऊन सगळे वळसा घालतात, अंगणात विहीर असावी तसे. ती म्हणाली, माझी मुलगी त्या घरात रांगणार आहे, मला तिथे वळसा नको आहे. म्हणून नाव तेच ठेवायचं. दुर्मिळ आहे म्हणून नाही.

मी म्हणालो, मोहित तर दुर्मिळ म्हणाला. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला दुसरं काही सांगून पटलं असतं का?"

नियम असा की आजोबाने वाटी द्यायची आणि आमच्या घरात वाटी म्हणजे माझ्या हातचं नाव. मी तिला सांगितलं, मंचरला एकजण कॉम्प्युटरवर कोरतो, चुकत नाही, त्याच्याकडून घेतो. ती म्हणाली, "तुम्ही चुकीचं कोरलंत तरी चालेल. पण दुसऱ्याचं नको."

चुकीचं चालेल! माझ्या नातीच्या वाटीवर!

मंगळवार, २ डिसेंबर

पत्र्यावर सराव. जमलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

जमलं नाही. डोळे मिटून केलं, तरी नाही. रत्नाला शेजारी बसवून अक्षर अक्षर सांगायला लावलं. तिने बरोबर सांगितलं, मी बरोबर ऐकलं, पत्र्यावर समृध्दी.

बाळाला अजून पाहिलेलं नाही. फोटो पाहिला. कपाळ खरंच तसं आहे.

रविवार, १४ डिसेंबर. बारसं. महाळुंगे पडवळ.

सकाळी चांदीची वाटी कोरीच खिशात घालून निघालो. मशीनची पेटी मोटारसायकलला बांधली. रत्नाने विचारलं, तिथे करणार? म्हणालो, बघू.

आरतीच्या माहेरच्या पडवीत एका कोपऱ्यात बसलो. आत बायकांची गर्दी, पाळण्याला फुगे, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आरती बाळाला घेऊन बाहेर आली आणि माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी बघितलं. तिनेही बघितलं असावं, त्या वयात दिसत नाही म्हणतात. मग रुपाली येऊन तिला घेऊन गेली.

तेव्हा मला ते सुचलं. हाताला नाव कळतं म्हणून तो मोडतो. कळूच द्यायचं नाही. मी आरतीला मार्करने वाटीवर नाव लिहायला सांगितलं. वाटी उलटी धरली, अक्षरं डोक्यावर उभी. आणि शेवटून सुरुवात केली. आधी वेलांटी, नुसती एक वाकडी रेघ. मग तिच्याखालचा ध, उलटा धरला की तो ध राहत नाही, गाठोडं होतं. मग द चा अर्धा आकडा. मग ऋकार, नखासारखा. मग म, मग स. मी नाव लिहीत नव्हतो. लाकडावर नक्षी करतात तशा खुणा करत होतो. घाम आला. हिवाळ्यात.

वाटी सरळ केली.

समृद्धी.

द अर्धा, ध पूर्ण. ऋकार जागेवर. शेवटच्या वेलांटीला झोका.

आत तेवढ्यात कुर्रर्र झालं. रुपालीने बाळाच्या कानात सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, ती हसत ओरडत होती, बास गं, मोडाल मला. मग कुणीतरी विचारलं, नाव काय, नाव काय, आणि रुपालीने मोठ्याने सांगितलं. अकरा वर्षांत आमच्या माणसाने इतक्या मोठ्याने ते नाव घेतलं नव्हतं. लगेच चार-पाच बायकांनी पाळण्यावर वाकून हाक मारली.

सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडच्या दाराकडे पाहिलं. मान वळल्यावर लक्षात आलं की दाराशी कुणी नाही. माजघराच्या उंबऱ्यावर रत्ना उभी होती, तीही दाराकडेच बघत होती. आमची नजरानजर झाली. मग ती पदर सावरून पाळण्यापाशी गेली.

वाटी दिली. आरतीने वाचली, बोट फिरवलं. मोहितने वाचली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

गणती मिटवली. सात अशुद्ध आणि आठवं शुद्ध, जे आता आमच्याकडेही आहे, अशी आठही रूपं एकत्र धरली तर आमच्या भागात हे नाव पहिलं येतं, दुसरं नाव बरंच मागे. मोहितला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग जिंकलात. मी म्हणालो, हो.

गुरुवार, १८ डिसेंबर

गोरखशेठला बारशाची हकीकत कळली. रुपालीचे यजमान त्याचे गिऱ्हाईक. आज तो मुद्दाम माझ्या बैठकीवर येऊन बसला, चहा मागवला. म्हणाला, संस्थेचे डबे अजून कोरेच पडलेत, छापील पट्टी त्यांच्या मनात नाही. "आता उलटं कोरायची युक्ती सापडलीय ना? मग तसंच करा की. एकेक उलटा धरायचा, शेवटनं यायचं. कुणाला कळतंय? आणि भाऊ, हा दर मी तुमच्याशिवाय कुणाला दिला नसता."

युक्ती चालते, त्यात शंका नाही. परवा पत्र्यावर पुन्हा करून पाहिली, बरोबर आलं. मग पत्रा कापून टाकला. तो कुठेही पडून राहायला नको होता.

शेठला म्हणालो, हात दुखतो. तो म्हणाला, मग जानेवारीपर्यंत सावकाश करा. म्हणालो, नाही. त्याने मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, चहा संपवला आणि उठला. जाताना म्हणाला, विचार करून उद्या सांगा. मी आजच सांगितलं.

चार हजार डबे, डब्याला अठरा रुपये. बहात्तर हजार.